बिनमोटरचा

हमीदभाईनं कॅटलॉग उघडला
तर पहिल्याच पानावर फेसात बसलेली बाई
आणि तिच्या मागं बर्फाचे डोंगर.
आमच्या मागं जालना,
रोलिंग मिलचं धुराडं
आणि दुकानासमोर आडवा लावलेला टेम्पो.

"हा चार माणसांचा. निळा लाइट. बावीस नळ्या.
खालून बुडबुडे सोडतो."
किंमत तो तोंडानं बोललाच नाही,
कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवला.
मी तो हळूच परत त्याच्याकडं फिरवला.

पद्मिनच्या कमरेसाठी चाललंय हे सगळं.
सोळा वर्षं अंबड, घनसावंगी, परत जालना,
एक हात वरच्या दांडीला, एक तिकिटाच्या मशीनवर,
आणि रस्ता तर तुम्हाला माहीतच आहे.
डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास गरम पाण्यात बसा.
बादलीनं पाठ भिजते,
पण पाण्यात राहत नाही.

दुसरा होता रबरी, हवा भरायचा. स्वस्त.
पण आमच्या परसात बाभळीचे काटे,
आणि भिंतीपलीकडच्या जोशीणबाईंची मांजर
कशालाही नख लावते.

तिसरा गोदामात, कमोडांच्या मागं, उभा टेकवलेला.
राखी रंगाचा, फायबरचा. आत एक पाल.
मोटर नाही, लाइट नाही, नळ्या नाहीत.
एक खोलगट पोट आणि खाली एक भोक.
"ह्याच्यात बिघडायला काहीच नाही," हमीदभाई म्हणाला,
जरा ओशाळून,
जशी काही ती त्या टबाची चूकच.

मी मिलच्या वजनकाट्यावर बसतो.
भरलेला ट्रक वजा रिकामा ट्रक,
दिवसभर हेच.
साडेतीनशे लिटर म्हणजे साडेतीनशे किलो,
म्हणजे तेवीस-चोवीस हंडे.
हे घरी सांगितलं आणि चूक केली.

"नळ येतो आठव्या दिवशी
अन् तुम्हाला डुंबायचं सुचूलालंय?"
पद्मिननं पोळी तव्यावर आपटली.
मी हिशेब मांडला:
आधी तू, मग त्याच पाण्यात गोधड्या,
मग ओसरी, उरलं ते पपईला.
ती थोडा वेळ गप्प. मग कंडक्टरच्या आवाजात,
"बरं. अन् सुटे किती परत येतेत?"

तो दारातून आत येईना.
दार तीस इंची, टब चौतीस.
दुकानात मी लांबी मोजली होती.
शेवटी जोशीणबाईंच्या अंगणातून,
भिंतीवरून, दोरानं.
जोशीणबाई विचारतात, "म्हैस घेतली का वो?"
मनवा म्हणते, "नाही आज्जी, जकुझी."

बूच हमीदभाईकडंच राहिलं.
दाणे काढलेलं कणीस माझ्या जुन्या बनियनात गुंडाळून
भोकात ठोकलं. थेंब थेंब गळतं अजून,
पण पपईच्या दिशेनं.

बंब चार वेळा पेटवला. पऱ्हाट्यांचा धूर
दिगूच्या डोळ्यांत, वरच्या वाळत्या साड्यांत.
पौषातली संध्याकाळ, सात वाजलेले.
पद्मिन गाऊनसकट उतरली,
आधी एक पाय, मग बराच वेळ काही नाही,
मग दुसरा.
घोट्यावर मोज्याच्या रबराचा वळ होता,
तो आधी लाल झाला, मग दिसेनासा.

"बुडबुडे नाहीत," दिगू नाराज.
मनवानं पपईचं पान तोडलं,
त्याच्या पोकळ देठातून दोघं आळीपाळीनं
आईच्या पाठीमागं फुंकत बसले
गाल दुखेपर्यंत.

"हलकं वाटूलालंय," ती डोळे मिटून म्हणाली.
मला काट्याची सवय. मनात आलं,
पाण्याबाहेरची पद्मिन वजा पाण्यातली पद्मिन,
किती?
विचारलं नाही. तिची मान कठड्यावर कलली होती,
तोंड किंचित उघडं,
आणि उजवा अंगठा पाण्याखाली
मधूनच हलायचा,
कुणाचं तरी तिकीट फाडल्यासारखा.

गोधड्या दुसऱ्या दिवशी धुतल्या.