आरशातला हॅलिबट

वार्दोच्या वाचनालयात फेब्रुवारीचे तीन वाजले
की दिवे लावावेच लागतात.
टेबलावर एकतीस पुस्तकं, मुलांसाठी,
सगळी आपण खरं बोलतो असं शपथेवर सांगणारी,
आणि आम्ही चौघं उलटतपासणीला बसलेले.

हालवार्ड, निवृत्त, भूगोलाचा मास्तर,
पुस्तक मागून उघडतो.
घर पाहायला गेलेल्याने आधी मोरी बघावी
तशी आधी सूची बघतो, मग संदर्भ.
"शास्त्रज्ञ म्हणतात" दिसलं की
समासात पेन्सिलीने लिहितो: कोण? नाव सांग.
आज अकरा वेळा लिहिलं.

मी रांगफ्रिड. बावीस वर्षं याच खुर्चीत.
मी चित्रांखालच्या ओळी वाचते,
मुलं त्या फटीतूनच आत शिरतात,
मजकुराच्या मोठ्या दारातून नाही.
ज्वालामुखीच्या एका चित्राखाली ओळ होती: किती सुंदर!
बस, एवढीच.
डोंगर कुठला, कधी फुटला, खाली गाव होतं का,
काही नाही.
पुस्तक बाजूला ठेवलं.
मग परत उचललं,
कारण तो लाल खरंच सुंदर होता
आणि मी अकरा वर्षांची असते
तर तेवढ्यावर जन्मभर फसले असते, खुशीने.

बिरेत कमी बोलते.
उत्तरेवरच्या जाड, गुळगुळीत पुस्तकात
तिने एकाच शब्दाभोवती गोल केला होता.
सामी लोक रेनडियर पाळत होते.
होते.
तिचा भाऊ त्या घटकेला कळपामागे होता,
सकाळीच फोन आलेला,
स्नोस्कूटरचा पट्टा तुटला म्हणून.
तिने तो फोन पुस्तकाशेजारी ठेवला
आणि कॉफी ओतून घेतली.
हालवार्ड खोडरबर शोधू लागला,
छापलेलं पुसता येत नाही हे विसरून.

चौथा एइलर्ट, वय चौदा.
समितीत एक मूल हवं असा नियम, म्हणून आलेला.
शनिवारी काकाच्या धक्क्यावर मासे साफ करतो,
बाहीला तो वास.
दोन तास मोबाइलमध्ये मान घालून होता,
मग समुद्राच्या पुस्तकाचं पान एक्केचाळीस
आमच्यापुढे सरकवलं.
"हा हॅलिबट उलटा आहे."
उलटा म्हणजे?
"डोळे डाव्या अंगाला. याचे उजव्या अंगाला असतात."

हालवार्डने चष्मा पुसला.
लेखक डॉक्टरेट, संदर्भ अठ्ठावन्न, सूची निर्दोष,
त्याने स्वतः दहापैकी नऊ दिलेले.
"एखादा डावाही निघत असेल," तो म्हणाला.
"निघतो. हजारोंत एखादा.
पण मागे बोटीचा नंबर बघा."

आम्ही पाहिलं.
अक्षरं आमच्याकडे पाठ करून उभी होती.
माशाचं तोंड पानाच्या आतल्या बाजूला हवं
म्हणून कुणीतरी
अख्खा समुद्रच फिरवला होता.

माझ्या तक्त्यात रकाने आहेत:
अचूकता, भाषा, मांडणी, वयोगट.
ज्याच्या नखांत या माशाचं रक्त असतं
त्याच्यासाठी रकाना नाही.
मी समासात एक ओढला, वाकडा,
त्यावर नाव काय घालावं ते सुचलं नाही.

शिफारस शेवटी दगडफुलावरच्या
एका काटकुळ्या पुस्तकाची झाली.
बाराव्या पानाच्या तळाशी तिथे लिहिलंय:
हे असं का होतं, आम्हाला अजून कळलेलं नाही.
तुम्हाला कळलं तर कळवा.
आणि खाली पत्ता.
तिथला समास हालवार्डने कोरा सोडला.

निघताना एइलर्टने
नेमकं ते समुद्राचं पुस्तक घरी न्यायला मागितलं.
मी म्हटलं, अरे, नापास आहे ते.
"एकच पान," टोपी कानावर ओढत तो म्हणाला,
"ते आरशासमोर धरून वाचीन."

मी तारखेचा शिक्का मारला.
बाहेर बर्फ आडवा येत होता.
पुस्तक जॅकेटच्या आत खुपसून तो पळाला,
डाव्या अंगाला की उजव्या,
ते मला दिसलं नाही.