बत्तीस अँपिअर

उम्म अल-कुवैनच्या खाजणाकाठी
मासळीच्या जुन्या गोदामात आमची प्रयोगशाळा.
दमट दिवशी भिंती अजून सुरमईचा वास सोडतात.
काम एवढंच : समुद्रात तेल सांडलं
तर तीन दिवसांत ते कुठे जाईल
हे दीड तासात सांगायचं.
आत्ताचं यंत्र अकरा तास घेतं.
तोवर तवंग तिवरांत शिरलेला असतो.

नवी यंत्रं घ्यायची, आठ. निवडायची मी.

दुबईहून फादी आला, बुटांइतकंच चकचकीत पत्रक घेऊन.
ग्राफिक्स कार्डं घ्या म्हणाला, उद्याचा जमाना त्यांचाच.
मी त्याला आमचा प्रोग्रॅम उघडून दाखवला :
फोर्ट्रान, चाळीस हजार ओळी,
लिहिणारा कधीच निवृत्त, टिपणं नॉर्वेजियनमध्ये,
आणि एका ओळीशेजारी
नुसतं उद्गारचिन्ह.
फादी बराच वेळ त्या चिन्हाकडे पाहत राहिला.
मग म्हणाला, चहा मिळेल का?

रात्री जुन्या यंत्रावर मोजत बसले.
चार गाभे लावले, वेग चौपट.
आठ लावले, सहापट.
सोळा लावले, तरी सहापटच, आणि पंख्याची घरघर.
पंगत बसलीय, पानं मांडलीत,
मेमरीतून वाढायला मात्र वाढपी दोनच.
पाहुणे वाढवून काय करू?
यादीतले चौसष्ट गाभे खोडले, सोळा लिहिले,
खाली रेघ मारून : मेमरीच्या सगळ्या खाचा भरलेल्या हव्यात.

नायला कराचीची, नुकती डॉक्टर झालेली.
तिला ताजं लिनक्स हवं,
सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, नवा कंपायलर.
मला हवं होतं जुनाट, सुस्त, कंटाळवाणं,
ज्याच्यावरून कुणी भांडत नाही असं.
त्यावरून आम्ही चार दिवस भांडलो,
ती उर्दूत, मी परळीच्या हिंदीत.

पाचव्या दिवशी मोतालेब आला, एसी गळतो म्हणून.
शिडीवरूनच त्याने विचारलं,
एवढ्या पेट्या कुठे लावणार, आपा?
मी भिंतीकडे बोट केलं.
तो उतरला, चिमट्याचा मीटर काढून तारेला लावला.
"बत्तीस अँपिअर. त्यातले अकरा हा एसीच खातो.
ऑगस्टात चौदा."

तीन आठवड्यांचे माझे तक्ते, नायलाचे आलेख
त्या चिमट्यात सापडले.
अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
आमचं अंथरूण तांब्याचं होतं,
भिंतीत गाडलेलं, गोदामाच्या वयाचं.
आठाची सहा झाली. घड्याळाचा वेग उतरवला.
पंख्यांपुढे जाळी,
कारण शमाल सुटला की वाळू पीठ होऊन आत येते.
पुन्हा चालवून पाहिलं :
एक तास त्रेपन्न मिनिटं.
डॉक्टर शम्सा म्हणाल्या, तेवीस मिनिटं मी समुद्राकडून मागून घेते.
हसल्या नाहीत.

सही करण्याआधी त्यांनी एकच विचारलं :
हे तुझं कंटाळवाणं लिनक्स
किती वर्षं सांभाळणार आहेत ते लोक?
दहा, मी म्हटलं.
दहा, त्या म्हणाल्या, आणि खोलीभर नजर फिरवली.
माझ्या व्हिसाचे चौदा महिने उरलेत.
नायलाचा करार मार्चपर्यंत.
मोतालेब शिडी घडी करत होता.
त्याचं त्यालाच माहीत नसतं, कंपनीला माहीत असतं.

आता रात्रीचे दोन वाजलेत.
सहा हिरवे दिवे लागलेत, सातवा नारिंगी, तो उद्या बघू.
पुढे कोण येईल त्याच्यासाठी टिपणं लिहितेय.
वेग मुद्दाम कमी केला त्या ओळीशेजारी लिहिलं :
कारण मोतालेबला विचारा.
खोडलं.
कारण ऑगस्ट.
तेही खोडलं, त्याला काय कळणार.
भिंतीतली तार मोजा, मग वेग वाढवा, असं लिहिलं,
आणि हात थांबेना म्हणून पुढे
एक उद्गारचिन्ह.