हात टेकू नका

नोव्हेंबर लागला की औलूमध्ये
माझ्या खोलीबाहेरचा बाक भरतो.
आत कोमट पाण्याची बादली, कापसाच्या गुंडाळ्या,
आणि एकामागून एक मनगटं,
जेवणाच्या काट्याच्या पाठीसारखी वाकलेली.

सत्तावीस वर्षं प्लास्टर घालतेय.
विचारते, कसं पडलात?
सगळे आधी बर्फाचं वर्णन करतात,
जणू माझी नि त्याची ओळखच नाही.
वर भुरभुरलेलं पीठ, खाली काच.
मग मान खाली घालून,
"हात पुढे केला."

तो जातोच पुढे.
घरातलं धाकटं पोर जसं
काही आपटलं की आधी धावतं,
आणि आधी मारही खातं.

म्हणून प्लास्टर सुकेपर्यंत,
म्हणजे त्यांना उठून जाता येत नाही तोवर,
मी सांगून घेते:
बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधा.
पेंग्विनसारखं चाला, लाज सोडा.
दाराशी रेती टाका, शेजाऱ्याची वाट पाहू नका.
आणि पडणारच असाल तर
हनुवटी छातीशी, खांद्यावर कलंडा,
गवताच्या भाऱ्यासारखे सैल.
हात टेकू नका.

नव्वदीची हिल्या हसली.
"पोरी, थंडीपुढे टेकले नाहीत,
दारुड्या नवऱ्यापुढे टेकले नाहीत,
टेकले ते पोस्टाच्या पायरीवर."

उन्हाळ्यात बर्फ जातो, बाक राहतो.
नदीकाठच्या फळ्यांवर गालिचे धुऊन
ते पिळत बसलेल्या बायका येतात.
पिळू नका गं, दांडीवर टाका,
पाण्याला आपण होऊन जाऊ द्या.
अव्होकॅडो तळव्यात धरून
बीत सुरी मारणारा पोरगा येतो,
दोन बोटं बधिर.
पाटावर ठेवायचं रे, हात म्हणजे पाट नाही.
नव्या आया येतात,
अंगठ्यांच्या चिमट्यात दिवसातून चाळीसदा
बाळ उचलून अंगठाच रुसलेल्या.
त्यांना दाखवते, तळवा खालून सरकवा,
राईची भाकरी भट्टीतून उचलतात तसा.
एकीनं बाळ माझ्याच हातात दिलं,
म्हणाली, "आता तुम्ही उचला, मी बघते."
बराच वेळ बघत बसली. झोपच लागली तिला.

मागच्या जानेवारीत वाल्फ्रिड आला,
पियानो सुरात लावणारा.
दुकानाच्या उतारावर सपशेल आडवा झालेला,
एक बरगडी चिरलेली, कान सोललेला.
मी सवयीनं मनगटं हातात घेतली.
दोन्ही धड.
म्हणाला, नातीचा वाढदिवस, केकसाठी वीस अंडी होती हातात.
सोडायचं सुचलंच नाही.
फुटलं एकच.
"पण मी काय बरोबर केलं?"
मी म्हटलं, काहीच नाही.
हातांना काम होतं, इतकंच.

हे मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं.
पिह्ला, माझ्या हाताखालची शिकाऊ मुलगी,
ऐकून ऐकून कंटाळली.

आणि मार्चमध्ये, रविवारी,
दूध संपलं म्हणून
खिळ्यांचे पट्टे खुंटीवर ठेवून
(दुकान समोरच, वीस पावलं)
मी बाहेर पडले.
हनुवटी, खांदा, गवताचा भारा,
सगळं पाठ होतं.
हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.
आणि ते रिकामे होते.

सोमवारी बाकावर
पुढच्या माणसाला सरकायला सांगून मी बसले.
मग पिह्लानं बादलीत बोटं घालून
पाणी कोमट आहे का पाहिलं,
माझं डावं मनगट उशीवर ठेवलं,
आणि माझ्याच आवाजात विचारलं,
"कसं पडलात?"

मी म्हटलं,
अगं, वर नुसतं पीठ होतं भुरभुरलेलं,
आणि खाली