खालची खबर

बुरुलचाकडे एक लोखंडी पट्टी होती,
सेंटिमीटरच्या खुणांची.
सकाळी आठला आणि रात्री आठला
नारीनच्या काठावर उतरायचं,
पाणी कुठवर आलंय ते बघायचं
आणि निळ्या शाईत लिहून ठेवायचं.
उणे तीसमध्ये शाई गोठायची. तेव्हा पेन्सिल.
सदतीस वर्षं.
"बाकी माझ्या आयुष्यात फार काही घडलं नाही," म्हणते
आणि चहात मीठ टाकते.

इथून कुठल्याही दिशेला निघा,
समुद्र येता येत नाही.
पश्चिमेचा वारा अटलांटिकवरून भरल्या खिशानं निघतो,
वाटेत प्रत्येक गावाला ओल वाटत येतो,
उधळ्या पाहुण्यासारखा,
आणि तियान शानच्या पहिल्या रांगेपाशी
उरलीसुरली चिल्लर झाडून टाकतो.
मागच्या रांगांना नुसती थंडी.
म्हणून डोंगरांच्या एका अंगाला अक्रोडाचं रान
आणि दुसऱ्या अंगाला गवत,
मेंढीला पुरेल न पुरेल इतकं.
नकाशात दोन्हींना तोच तपकिरी रंग.

जूनमध्ये वरचा बर्फ सुटतो.
नदी दुधी-राखाडी होते, तिच्या पोटात धोंडे वाजतात,
रात्री अंथरुणात ऐकू येतात.
"तेव्हा झोप लागायची मला. हिवाळ्यात नाही.
गोठलेल्या नदीला काय होतंय ते कळत नाही."

खाली धरण आहे.
वरच्यांना थंडीत वीज हवी, खालच्यांना उन्हात पाणी.
नदी एकच, तिला घड्याळं दोन.
त्याच्या खाली फरगाना: चाळीस अंश, जर्दाळू,
क्षितिजापर्यंत कापूस,
आणि पाट, पाटाला पाट, त्याला पाट.
तिथं कारादर्या येऊन मिळते आणि नाव बदलतं.
सीर दर्या.
मी म्हटलं, आमच्याकडे लग्नात मुलीचं बदलतात, तसं.
"मग तुम्हाला ठाऊक असेल," ती म्हणाली,
"नाव बदललं की खबर येईनाशी होते."

खबर भावाकडून यायची.
मायरामबेक, अरालच्या काठावर मासळीच्या कारखान्यात फिटर.
पहिल्या पत्रात: सीगल, घाण वास,
आणि आपल्याकडे नसते एवढी रुंद संध्याकाळ.
नंतरच्यात: धक्का वाढवतोय, पाणी जरा सरकलंय.
मग: बोटींसाठी चर खणतोय.
मग नुसतं एवढंच:
"ताई, आज बोटीला रंग दिला.
टपावर चढून बघितलं. समुद्र दिसत नाही."
शेवटच्यात बोटीच्या सावलीला उंट बसलेले.

त्या रात्री तिनं सगळ्या वह्या काढल्या.
दिवा पुढ्यात घेऊन एकेक महिन्याची बेरीज केली,
चूक आपलीच असेल म्हणून पुन्हा केली.
"माझ्या वहीत पाणी होतं!
रोज होतं!
मी तर पुरतं पाठवलं होतं!"
एवढं बोलली आणि गप्प झाली.
मी खिडकीकडे बघत राहिलो.
नदीवर आता यंत्र बसवलंय, ते स्वतःच कळवतं.
ती आठला तरीही उतरते, पट्टीशिवाय.

मागच्या एप्रिलमध्ये पश्चिमेकडून धूळ आली.
तीन दिवस सूर्य तांब्याच्या पैशासारखा,
आणि वर, पांढऱ्या बर्फावर, मळकट साय.
बिश्केकहून कुबानिचबेक नावाचा पोरगा आला,
खरवडून बाटलीत भरली, झाकणावर तारीख लिहिली.
म्हणाला, आजी, असू शकेल त्या समुद्राच्या तळाची.
नसेलही. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.
आणि म्हणाला, मळला की बर्फ लवकर वितळतो.

बुरुलचा तपासणीपर्यंत थांबली नाही.
खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं
आणि जिभेवर ठेवलं.

"खारट होतं?" मी विचारलं.

तिनं माझा पेला पुन्हा भरला.
"सदतीस वर्षं हा चहा पितेय.
मला काय कळणार?"