नऊ इंच

उंबऱ्यापासून माती नऊ इंच खाली.
फळीचा एक, वाशाचे चार, तुळईचे चार.
हवेला उरलं काय?
पांचाळ मेस्त्री कानामागची पेन्सिल काढतात,
परत कानामागे ठेवतात.
"तुळईच नको. वासे थेट ठोकळ्यांवर."
पाणी आत येऊ नये म्हणून उंबऱ्याखाली चार सूत सोडायचे,
मग राहतात साडेतीन इंच.
मांजर नाही मावणार. बेडूक मावेल. घूस हमखास.

घाटला गावात घरामागची ही पट्टी,
अकरा फूट बाय साडेसात.
बिमलीचं एक झाड,
जुन्या वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये अळू,
आणि वारा फिरला की रिफायनरीचा वास.

नायलॉनची दोरी ताणली.
इकडे तीन फूट, तिकडे चार,
तिरपे मोजले तर पाच यायला हवेत.
आले पाच आणि तीन सूत.
"भिंत वाकडी आहे ताई.
दोरीचं ऐकायचं की भिंतीचं?"
दोरीचं.
भिंतीकडे पाचरीसारखी फट राहील,
राहू दे.

सहावा ठोकळा बिमलीच्या मुळावर येतो.
मनगटाएवढं मूळ. मेस्त्रींनी पहार टेकवली
आणि माझ्याकडे पाहिलं.
सात इंच अलीकडे घेतला.
आता त्या कोपऱ्यात वाशाचं टोक अधांतरी,
"एवढं तो पेलतो," म्हणाले, जणू ओळखीचा कुणी.

कागदावर मी पाया लिहिलेलं नाही.
पाया म्हटलं की बांधकाम,
बांधकाम म्हटलं की वॉर्डातून माणूस.
मी लिहिलंय: टेकू, नऊ नग.
साल लाकूड, सोळा-सोळा इंचांवर.
बुडाला डांबर, वाळवीचं औषध दोनदा.

अच्युत वरून खाली आला, हातात कप.
"भिंतीला बोल्ट मारा की सरळ,
तीन ठोकळे वाचतील."
नको, म्हटलं.
इथली जमीन भरावाची, कधीतरी खचणार.
खचलं तर आपलं आपण खचावं,
भिंतीला ओढू नये.
घर त्याच्या नावावर आहे, हे मी म्हटलं नाही.
वहिनींनी वरून खिडकी लावली, डासांसाठी असेल.

मेस्त्रींनी नळीत पाणी भरलं,
एक टोक मला दिलं, एक त्याला.
अकरा फुटांवर आम्ही दोघं,
छातीशी नळी धरून,
शाळेच्या नाटकात उभे राहिल्यासारखे.
"किती आलं तुझ्याकडे?"
"हलतंय अजून."
"साहेब, तोंडावरचा अंगठा काढा,
नाहीतर पाणी खोटं बोलतं."

त्याने अंगठा काढला.
माझ्याकडचं पाणी एकदम वर आलं,
खाली गेलं,
पुन्हा थोडं वर.
पेन्सिल घेऊन मेस्त्री थांबलेत.