निव्वळ

दिवाळी सरली की जिनिंगचा भोंगा वाजतो
आणि मी वडनेर रोडच्या काट्यावर येऊन बसतो.
भरली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ.
भरली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ.
बावीस सीझन झाले.

यंदा पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर
स्वतःला मांडायला घेतलं.
तारीख, काय करून पाहिलं, टिकलं का.
लेकीच्या हॉस्टेलात कोणी मॅडम म्हणाल्या होत्या,
माणूस एकदम बदलत नसतो, आधी थोडं करून पाहावं.
लेकीनं हे फोनवर हसत सांगितलं.
मी हसलो नाही.

पहिल्यांदा पहाटे चारला उठलो.
उठून करायचं काय, हे मॅडमनं सांगितलं नसावं.
ओट्यावर बसलो. ढोमण्यांचं कुत्रं येऊन बाजूला बसलं.
सहा दिवस आम्ही दोघांनी मिळून अंधार पाहिला.
सातव्या दिवशी ते आलं असेल,
मला माहीत नाही.

मग डाव्या हातानं दाढी.
शेवंता म्हणाली, "काय भूत लागलं का तुमाले?"
हनुवटीवर दोन चिरा.
त्या रकान्यात काही लिहिलं नाही.

मग खर्रा.
खिशात फुटाणे ठेवले, लवंग ठेवली,
गज्जूच्या ठेल्यावरून जाताना सायकल जोरात हाणली.
नऊ दिवस. बोटांना मात्र घोटायची सवय,
ती रिकाम्या पावतीचाच बोळा घोटत बसायची.

एकदा दुपारी गाडी नव्हती, म्हणून
काट्यावर एकटाच जाऊन उभा राहिलो.
लाल आकड्यात साठ.
मागच्या महिन्यातही साठच होते.
आमचा काटा दहा-दहाच्या उड्या मारतो,
त्याच्या आतलं त्याला कळत नाही.
चार किलोनं कोणी हलका झाला
तर तो माणूस आणि त्याची चड्डी, दोघांनाच ठाऊक.

खर्ऱ्याच्या जोडीला आणखी एक घेतलं होतं, सोपं म्हणून.
आठवडाभर "चालते" म्हणायचं नाही.
मी दिवसातून किती वेळा म्हणतो ते मोजलं,
जेवायच्या सुट्टीपर्यंत एकेचाळीस.
चहा गार आहे, चालते.
पगार सोमवारी घे, चालते.
छत गळून राहिलं, चालते.

पाचव्या दिवशी येरल्याच्या इंदूबाई भोयर ट्रॉली घेऊन आल्या.
भरली झाली, रिकामी झाली,
निव्वळ एकोणीस क्विंटल ऐंशी.
मालकाचा भाचा दारात टेकून म्हणाला,
"ओल आहे. चाळीस किलो कमी लिही."
दर वर्षी म्हणतो. दर वर्षी मी म्हणतो ते म्हणतो.
तोंड उघडलं
आणि शब्द जागेवर नव्हता.
दुसरा कोणता वापरायचा, ते ठरवलं नव्हतं मी.
"नाही" हाताशी नव्हता, त्याची सवयच नाही.
नुसता बसून राहिलो.
पंखा फिरत होता. इंदूबाई पदरानं मान पुसत होत्या.
भाचा पाहत राहिला, मग त्याचा फोन वाजला,
तो बोलत बोलत गेला रुईच्या ढिगाकडे.
मी एकोणीस ऐंशी लिहिलं.
त्यांनी पावती घडी करून ब्लाउजात खोचली,
वाचलीही नाही.

हिंमत म्हणू नका हिला. हिंमत असती
तर बावीस वर्षांत कधीतरी दिसली असती.
मला फक्त रकाना कोरा ठेवायचा नव्हता.

संध्याकाळी हात कापत होते.
सायकल गज्जूच्या ठेल्यापाशी आपोआप हळू झाली.
"लई दिवसानं, भाऊ. घोटू का एक? चालते ना?"
मी काही बोललो नाही.
मान हलवली.

रात्री पुस्तक उघडून लिहिलं:
शब्द, पाळला.
खर्रा, दहाव्या दिवशी गेला.
मग खाली रेघ ओढली, वजाबाकी करायला,
आणि बराच वेळ पेन तसंच धरून बसलो.
शेवंता आतून म्हणाली, "लाइट बंद करा आता."
मी म्हटलं,
"करतो."