जेर, जबर, पेश

शांतवन मास्तर खंडागळे गेले
तेव्हा त्यांच्या खोलीत निघालं ते एवढंच:
एक घोंगडी, चष्म्याची एकच काच,
आणि पत्र्याच्या पेटीत एकोणीस वह्या.
मंडळीतल्या चौघांनी उघडल्या
तर पानभर, उजवीकडून डावीकडे,
मुंग्यांची रांग.

निजामाच्या शाळेत शिकलेला माणूस.
हात उर्दूत वळलेला,
जीभ मात्र अंबडच्या मळ्यातली.

पंचायतीत ठराव झाला,
संगमरवरी पाटी बसवावी, रंगीत कॅलेंडर काढावं.
पुण्याहून एकानं पत्रात विचारलं,
त्यांच्या हातून काही चमत्कार?
मी कळवलं: बावीस वर्षं सायकलवर गावोगाव फिरले,
पंक्चर स्वतः काढलं,
कुणाला शिवी दिली नाही.
उत्तर आलं नाही.

वह्यांचं कोणीच बोलेना,
म्हणून पेटी मी घरी आणली.
मिशन दवाखान्यात तीस वर्षं नर्स होते;
जे आपल्याला कळत नाही
त्याची नाडी धरून बसायची सवय.

पुतण्या बियाण्याच्या कंपनीत.
त्यानं ओल न शिरणाऱ्या पिशव्या दिल्या.
आता बारावी वही संकरित कापसात आहे,
तेरावी तुरीत,
वर छापलंय: थंड व कोरड्या जागी ठेवा.

कादराबादेत वहीदुद्दीन मास्तर,
वय चौऱ्याऐंशी, उर्दू शाळेतून निवृत्त.
भिंग फिरवलं, ओठ हलवले, आणि हसले:
‘अगे सिस्टर, ये तो मराठीच है की!’

तेव्हापासून दर मंगळवारी
ते वाचतात, मी लिहिते.
अजान झाली की उठतात,
परत येऊन टेकतात
आणि येशूचं अर्धं राहिलेलं वाक्य
तिथूनच उचलतात.

उर्दूत ळ नाही.
मास्तरांनी लामखाली स्वतःचं एक टिंब दिलं होतं.
आभाळ, माळ, डोळे, दुष्काळ,
प्रत्येकाच्या पोटात ते एवढंसं टिंब.
वहीदुद्दीन मास्तर त्यावर बोट ठेवून म्हणाले,
‘हे कुठल्या किताबात नाही. हे त्यांचं.’

सातव्या वहीची चार पानं नाहीत.
मार्थाबाई म्हणाली, ‘मीच चुलीत घातली,
गोवऱ्या वल्या होत्या, काय करू?
भाकर त्यांनीच खाल्ली की.’
मी तेवढंच नोंदवलं, तारखेसकट.

मग चौदाव्या वहीत आम्ही अडलो.
‘माणसानं मातीत म, र, अलिफ…’
मरावं? का मुरावं?
जेर, जबर, पेश काहीच नाही.
‘हे लावत नसतात,’ ते म्हणाले,
‘वाचणाऱ्यानं मनातून लावायचं.’
मी म्हटलं, गव्हाचा दाणा मरतो.
ते म्हणाले, पाणी मुरतं.
नातसून चहा ठेवत म्हणाली, लोणचंबी.
तीन आठवडे भांडलो.
शेवटी मी म आणि रावं यांच्यामधे
बोटभर जागा सोडली.

जुन्या मोंढ्यातल्या टायपिंगवाल्या पोरानं
न विचारता उकार देऊन टाकला.
‘मरावं आसं कोण छापतं, सिस्टर?’
मी खोडलं नाही.
माझ्या हातच्या प्रतीत जागा अजून मोकळी आहे,
कधी दिव्याखाली एक वाचते, कधी दुसरं.

पाच वह्या उरल्यात.
गुरुवारी वहीदुद्दीन मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं.
महिनाभर वाचायचं नाही, धूळ नको, वाकायचं नाही.
मी रोज जाते, दिवसातून चार वेळा.
ते मान मागे टाकतात,
मी खालची पापणी ओढते,
उजव्या डोळ्यात एक थेंब.
‘ळ झाला का?’ ते विचारतात.
हलू नका, मी म्हणते.